सात-बाऱ्यावर नाव नसलेली बाग

दुपारचे अडीच वाजलेले असतात. ओटा पुसून झालेला असतो, कपडे दोरीवर वाळत असतात, मुलं शाळेतून यायला अजून तासभर अवकाश असतो. ‘आता पाच मिनिटं टेकावं’ म्हणून तुम्ही खुर्चीत बसता आणि तेवढ्यात दाराची बेल वाजते. कुरिअरवाला! तो जातो न जातो तोच आतून सासूबाई विचारतात, “कोण होतं गं?” मग नळाला पाणी येतं. मग दूध तापवायचं राहिल्याचं आठवतं. पाच मिनिटं तशीच राहून जातात.

मैत्रिणींनो, खरं सांगा, तुम्ही नुसत्या अशा शेवटच्या कधी बसला होता? हातात निवडायची मेथी नाही, समोर टीव्ही नाही, मांडीवर मूल नाही, मोबाइलवर कुणाचा निरोप नाही. नुसत्या!

आठवत नाही ना? आणि समजा, वेळ मिळाला तरी बसायचं कुठे? गावातला पार हा पुरुषांचा. बायकांच्या वाट्याला विहिरीचा काठ आणि नदीचा घाट, पण तिथेही हातात कळशी नाहीतर धुण्याची मोट. शहरात बागा आहेत, पण तिथे आपण जातो त्या नातवंडांना घसरगुंडीवर सोडायला, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून फेऱ्या मारायला. बाकावर एकटीच बाई अर्धा तास बसलेली दिसली, तर येणारी-जाणारी ओळखीची हमखास विचारते, “काय गं, बरं नाही का? घरी काही झालं का?”

काही झालेलं नसतानाही बाईला बसावंसं वाटतं. आणि खरंच काही झालेलं असेल, तर फारच वाटतं. आज तुम्हाला अशाच एका बागेची गोष्ट सांगायची आहे. ती आहे दूर ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरात. ती उभी केली एका बाईनं, पुढे तिला हातभार लावला अनेकांनी. आणि ज्या जमिनीवर ती उभी राहिली, त्या जमिनीशी त्या बाईचा कागदोपत्री काडीचा संबंध नव्हता!

रुळांकाठचा उकिरडा

सिडनीच्या बंदरावरचा तो मोठा कमानदार पोलादी पूल तुम्ही चित्रात पाहिला असेल. १९३२ साली तो वाहतुकीला खुला झाला. त्या पुलाच्या उत्तर टोकाजवळ पाण्याचा एक लहानसा फाटा आत शिरला आहे. त्याचं नाव लॅव्हेंडर बे. नाव ऐकून जांभळ्या सुवासिक फुलांचे ताटवे डोळ्यांसमोर येतात, हो ना? पण फुलांशी या नावाचा संबंध नाही. पूर्वी इथे कैद्यांना ठेवायचं एक जहाज नांगरलेलं असे. त्या जहाजावर काम करणाऱ्या जॉर्ज लॅव्हेंडर नावाच्या माणसावरून हे नाव पडलं.

पूल होण्यापूर्वी उत्तरेकडून येणारी रेल्वे या पाण्याच्या काठाशी येऊन थांबायची. पूल झाला, गाड्या त्यावरून पलीकडे शहरात जाऊ लागल्या, आणि काठावरचे रूळ गाड्या उभ्या करून ठेवण्यापुरते उरले. रुळांच्या मागची उताराची जमीन रेल्वेचीच, पण कुणाच्याच उपयोगाची नाही. अशा जागेचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको. आपल्या गल्लीच्या टोकाशी तशी एक जागा असतेच. लोकांनी तिथे नको असलेलं सगळं आणून टाकलं. फुटक्या बाटल्या, गंजलेलं लोखंड, जुन्या गाद्या. वर काटेरी झुडपांचं आणि वेलींचं रान माजलं. त्यात आपल्या ओळखीचीही एक होती, बरं का! घाणेरी. कुणी तिला टणटणी म्हणतं. लाल-पिवळ्या इवल्या फुलांची, आपल्या डोंगरउतारावर माजलेली तीच. मूळची ती अमेरिकेकडची. शोभेची म्हणून लोकांनी हौसेनं आणली आणि मग तिनं भारतातही आणि ऑस्ट्रेलियातही रानं गिळली.

या उकिरड्याच्या वरच्या अंगाला एक घर होतं. त्यात राहायची वेंडी व्हाइटली.

कागदावर कुणीच नाही

वेंडीचा नवरा ब्रेट व्हाइटली हा ऑस्ट्रेलियातला फार नावाजलेला चित्रकार. १९७८ साली त्यानं तिथल्या चित्रकलेच्या तीन मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. अशी कामगिरी त्याच्याआधी कुणी केली नव्हती. घराच्या खिडकीतून दिसणारं निळं पाणी, होड्या, पूल हे सारं त्याच्या चित्रांतून जगाला माहीत झालं. वेंडी त्याच्या कितीतरी चित्रांची प्रेरणा होती. ती स्वतः चित्रकला शिकलेली. पण लग्न झाल्यावर चित्रकार कोण, तर तो! ही कथाही आपल्याला अनोळखी नाही.

नावलौकिकाच्या मागे मात्र घर पोखरत होतं. दोघंही अमली पदार्थांच्या आहारी गेली होती. वेंडी मोठ्या कष्टानं त्यातून बाहेर आली. तो आला नाही. १९६२ साली झालेलं लग्न १९८९ साली घटस्फोटानं संपलं. आणि १९९२ च्या जूनमध्ये, घरापासून दूर एका मोटेलच्या खोलीत, त्याच व्यसनानं ब्रेटचा बळी घेतला. तेव्हा तो अवघ्या ५३ वर्षांचा होता.

आता विचार करा. कागदावर वेंडी त्याची कुणीच नव्हती. घटस्फोटित बाईनं शोक करावा तरी कोणत्या नात्यानं? कुणी म्हणेल, सोडला होता ना त्याला, मग आता कसलं रडणं? पण सत्तावीस वर्षांचा संसार काही सही करून पुसला जात नाही. सोळा-सतराव्या वर्षापासून ज्याची सोबत, त्याच्यावरची माया आणि राग दोन्ही शिल्लक असतात. ते ठेवायला जागा नसते, एवढंच.

वेंडीनं जागा शोधली. ती घराखालच्या उकिरड्यात उतरली आणि साफसफाई करू लागली.

तिनं आराखडा काढला नव्हता. बागकामाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. मुख्य म्हणजे, तिनं रेल्वेला विचारलंही नव्हतं! समोर घाण होती, आणि घाण दिसली की बाई ती काढते. तिनं रान तोडलं, मुळं खणली, बाटल्या नि पत्रे वेचून वर आणले. संध्याकाळी अंग इतकं ठणकायचं की विचार करायलाही त्राण उरू नये. घरात माणूस गेल्यावर बायका डबे घासायला काढतात, कपाटं रिकामी करून पुन्हा लावतात, तुम्ही पाहिलं असेल. काहींनी तर केलंही असेल. हे तसंच होतं. फक्त डब्यांच्या जागी एक अख्खा उतार होता.

पदरमोड आणि परके हात

उतार साफ होऊ लागला तशी माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालावे लागले, चढ-उतारासाठी लाकडाच्या पायऱ्या आणि कठडे करावे लागले. एकट्या बाईच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. वेंडीनं पगारी मदतनीस ठेवले, रोपं आणली, आणि हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून केला. परक्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षं पदरमोड! ‘तिच्याकडे पैसा होता म्हणून जमलं’ असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण पैसेवाल्या बायका पुष्कळ असतात. रेल्वेच्या उकिरड्यात गुडघे टेकून बसणारी विरळा.

मग येणारे-जाणारे थांबू लागले. कुणी एखादं रोप आणून दिलं, कुणी तासभर तण उपटून गेलं. हळूहळू स्वयंसेवकांचे हात कामाला लागले.

बागेत उंच ताड-माडाच्या जातीची झाडं आहेत, बांबू आहे, सावलीतली रुंद पानांची झाडं आहेत, फुलझाडं आहेत. वरच्या अंगाला जुना, अवाढव्य मोरेटन बे फिग आहे, म्हणजे आपल्या वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलाच. खणताना सापडलेल्या जुन्या वस्तूही फेकून न देता तिनं झाडांमधून मांडून ठेवल्या. आणि जागोजाग बाकं नि टेबलं ठेवली. कुणी एकटं आलं तर त्याला आडोसा मिळेल अशी.

बागेला तिकीट नाही, कुलूप नाही. लोक तिला ‘सीक्रेट गार्डन’, म्हणजे गुपित बाग म्हणतात, कारण रस्त्यावरून ती चटकन दिसत नाही. पायऱ्या उतरून गेलं की गजबजलेलं शहर मागे राहतं आणि पानांच्या फटींतून खालचं पाणी दिसतं. लोक येतात, बसतात, काही वेळानं उठून जातात. ‘का बसलात?’ असं कुणी विचारत नाही.

बाग नऊ वर्षांची झाली आणि वेंडीवर दुसरा घाव बसला. तिची एकुलती एक मुलगी आर्की ही अभिनेत्री होती. २००१ च्या डिसेंबरमध्ये कर्करोगानं ती गेली, वयाच्या ३७ व्या वर्षी. नवऱ्याचं जाणं एक वेळ मन समजून घेतं. पोटच्या मुलीचं कसं घ्यावं? वेंडी पुन्हा बागेतच गेली. ब्रेटची आणि आर्कीची रक्षा तिनं याच बागेच्या मातीत ठेवली आहे. नेमकी कुठे, ते तिनं गुपित ठेवलं. तिथे दगड नाही, पाटी नाही. आज एखादी परकी बाई त्या बागेत बसून आपल्या माणसासाठी डोळे पुसत असेल, तेव्हा तिच्या पायाशी कुणाची लेक निजली आहे हे तिला ठाऊकही नसेल.

आणि जमीन?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ या. जमीन रेल्वेचीच होती. रेल्वेनं काणाडोळा केला, म्हणून बाग वाढली. पण बंदराकाठची, पाणी दिसणारी जमीन! तिची किंमत किती असेल, तुम्हीच विचार करा. उद्या एखाद्या साहेबानं फाइल उघडली असती, जमीन विकायची ठरवली असती, तर वेंडीला विचारायची कुणाला गरज नव्हती. ‘बाई, तुमचं नाव कुठे आहे?’ एवढा एक प्रश्न पुरे होता.

तेवीस वर्षं ती या टांगत्या तलवारीखाली झाडं लावत राहिली.

वाचता वाचता तुम्हाला कुणाची आठवण झाली? आपल्या आईची? आजीची? की स्वतःचीच? शेत सासऱ्यांच्या नावावर, मग दिरांच्या आणि नवऱ्याच्या. फ्लॅट ‘ह्यांच्या’ नावावर, कारण कर्ज ‘ह्यांच्या’ पगारावर. परसातला कढीलिंब आपण लावलेला, तुळशीचं वृंदावन आपण सारवलेलं, भिंतीचा रंगसुद्धा आपण निवडलेला. पण सात-बाऱ्यावर नाव शोधा! आपल्या महाराष्ट्रात १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. मोहीम काढून सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

“प्रेमानं करतेस ना? मग कागद कशाला हवा?” असं घरोघरी ऐकू येतं. वेंडीनंही प्रेमानंच केलं होतं. पण ती भाबडी नव्हती. आपण म्हातारे होणार, आपल्यामागे या बागेचं काय, ही काळजी तिला होती. तिनं ती बोलून दाखवली, लोकांनीही बागेची बाजू उचलून धरली. अखेर २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की ही जमीन तिथल्या नगरपालिकेला ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली जाईल आणि पुढे आणखी ३० वर्षं तो वाढवता येईल. वेंडी तेव्हा ७४ वर्षांची होती.

पाहा, कागदावर नाव तेव्हाही तिचं लागलं नाही. जमीन सार्वजनिक राहिली, ती सगळ्यांची झाली. तिला हवं होतं तेही एवढंच, की हे कुणी उखडू नये. प्रेम हे प्रेमाच्या जागी आणि कागद कागदाच्या जागी. दोन्ही हवेत.

आपल्याकडे काय करता येईल?

सिडनीचा उतार आपल्याला कुठला? पण सोसायटीच्या मागची राडारोडा पडलेली पट्टी, शाळेच्या कुंपणालगतची जागा, दवाखान्याच्या बाजूचा रिकामा कोपरा तुमच्याही डोळ्यांसमोर असेलच. चार-पाचजणी मिळून मनावर घेतलंत, तर एवढं लक्षात ठेवा:

१) आधी कागद. वेंडीनं विचारलं नाही. तुम्ही विचारा. सोसायटीच्या सभेत ठराव मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्या. जागा नगरपालिकेची असेल तर लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

२) साफसफाई उन्हाळ्यात, लागवड पावसाच्या तोंडावर. हातात जाड मोजे, पायात बूट हवेत. काच असते, विंचू-साप असू शकतो. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटा. त्यानं अंगाला खाज सुटते, दमाही उठतो, म्हणून नाका-तोंडाला रुमाल बांधा. घाणेरी नुसती छाटून भागत नाही, ती पुन्हा फुटते. ती मुळासकट खणून काढा.

३) झाडं चिवट निवडा. जास्वंद, तगर, अडुळसा, कर्दळ, गवती चहा ही फार लाड मागत नाहीत. सावलीसाठी बकुळ लावा. तो सावकाश वाढतो, पण पुढच्या पिढीला दुवा देण्याजोगी सावली देतो. सुवासासाठी पारिजातक. मुलं खेळत असतील तिथे कण्हेर नको, ती विषारी असते. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी झाडांना चालतं. पालापाचोळा जाळू नका. खड्ड्यात पाचोळ्याचा एक थर, भाजीच्या देठा-सालींचा एक थर असं घालत जा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. पाणी कुठे साचू देऊ नका, नाहीतर बागेऐवजी डासच पाळल्यासारखं होईल!

४) बसायची सोय झाडांइतकीच महत्त्वाची. बाक जमिनीपासून दीड फूट उंच असावं, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना उठता येतं. पाठ टेकायला हवी. थोडा आडोसा असावा, पण अगदी निर्जन कोपरा नको. संध्याकाळी दिवा लागावा. बाईला निर्धास्त बसता आलं पाहिजे.

५) काम वाटून घ्या. प्रत्येकीनं आठवड्याला एकच तास द्यावा. जास्त ठरवलंत की महिन्याभरात सगळं बारगळतं. वर्गणीची घाई नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचा डबा लुटण्याऐवजी एकेक रोप लुटा, बागेला भर पडेल. आणि पाटी कुणाच्या नावाची लावायची यावरून भांडू नका. पाटी नसली तरी बकुळ फुलतोच!

६) शांतता पाळा. त्या कोपऱ्यात लाउडस्पीकर नको, भिशीची सभा नको, मोबाइलवर मोठ्यानं बोलणं नको. गप्पांसाठी घरं आहेत, जिने आहेत. ही जागा न बोलण्याची.

एवढंही जमणार नसेल, तर निदान गॅलरीत एक खुर्ची मांडा. शेजारी एक कुंडी ठेवा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की आई या खुर्चीत बसली की दहा मिनिटं तिला हाक मारायची नाही. पहिल्या दिवशी कुणी ऐकणार नाही. आठव्या दिवशी ऐकतील.

आणि एखादे दिवशी बागेतल्या बाकावर ओळखीची कुणी एकटीच बसलेली दिसली, तर “काय गं, काय झालं?” असं लगेच विचारू नका. तिला बसू द्या. वाटलंच तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला तुम्हीही टेका. बोलायचं असेल तर तीच बोलेल.